दोरी हलकी येते

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यानंतर बाबांच्या होडीचं मशीन समुद्रात दोनदा बंद पडलं. पहिल्यांदा डहाणू खाडीच्या तोंडाशीच पडलं, त्यामुळे वल्ही मारून होडी परत आणता आली. दुसऱ्यांदा किनारा लांब होता आणि वारा जमिनीकडे वाहत होता. होडी खडकांकडे सरकत होती. बाबा एकटेच होते. मशीन चालू करण्यासाठी ते दोरी ओढत राहिले, पण ते चालू झालं नाही. आमच्याच आळीतल्या एका होडीने त्यांना पाहिलं, दोर टाकला आणि ओढून आणलं.

त्या दिवशी माझा धाकटा भाऊ धक्क्यावर होता. तो वापीला कंपनीत जातो, त्या आठवड्यात त्याची पाळी दुपारची होती. त्याने होडी बांधली, जाळं उतरवलं.

घरी आल्यावर म्हणाला, "आज मागे कोणीतरी होतं म्हणून. पुढच्या वेळी नसेल."

"मशीनमध्ये खराबी आहे," बाबा म्हणाले. "माझ्यात नाही."

"मी तुमचं नाव घेतलं का?"

हे संभाषण आईने मला फोनवर सांगितलं. त्यापुढचंही सांगितलं. भावाने होडीला गिऱ्हाईक शोधलं होतं. झाईच्या पलीकडचा, गुजरातच्या हद्दीतला एक मच्छीमार रविवारी भरतीला होडी बघायला येणार होता. पसंत पडली तर तशीच घेऊन जाणार होता. बाबांनी एकच गोष्ट मान्य करून घेतली होती. रविवारपर्यंत मशीन दुरुस्त झालं तर होडी विकायची नाही. भावाने त्यावर आपली अट घातली. मशीन बाबांनी स्वतः, त्याच्यासमोर ओढून चालू करायचं. बाबांनी लगेच हो म्हटलं. आईच्या मते जरा जास्तच लगेच.

बाबांचा जुना सोबती गुडघ्यांमुळे घरी बसला होता. नवा माणूस मिळत नव्हता. अंगात जोर असलेली माणसं बोईसरला, वापीला, उंबरगावला कंपन्यांत जातात. लहान होडीवर, मिळेल त्या मासळीच्या वाट्यावर कोणी येत नाही. म्हणजे मशीन बाबांच्या हाताने चालू झालं तर ते समुद्रावर जाणार, नाहीतर नाही. प्रश्न एवढाच होता.

मी तेव्हा तलासरीत राहून डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांच्या बातम्या एका वर्तमानपत्राला देत होते. आमच्या कार्यालयात एक जुना जनरेटर होता. वीज गेली की दोरी ओढून तो चालू करावा लागे, आणि त्याची दोरी वारंवार बिघडे. समोरच्या गॅरेजवाल्यासोबत बसून मी तो बऱ्याचदा उघडला होता. होडीच्या मागे लावतात ते आऊटबोर्ड मशीन वेगळं, पण दोरीची व्यवस्था तीच. डहाणूतल्या मिस्त्रीकडे हंगामाच्या सुरुवातीला मशीनांची रांग लागली होती. त्यामुळे रविवारी सकाळी पहिल्या एसटीने मी घरी आले.

मशीन अंगणात लाकडी घोडीवर लावून ठेवलं होतं. खालचा पंखा पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिंपात बुडवला होता, म्हणजे घरीच चालवून बघता येईल. आदल्या दिवशी भावाने आणि शेजाऱ्याने ते उचलून आणलं होतं. अंगणातून खाडी दिसते. ओहोटी होती. होडी चिखलात एका अंगावर कलंडलेली होती आणि पाणी तिच्यापासून बरंच दूर होतं.

"ओढून दाखवा," मी म्हटलं.

"तूच ओढ. तुला कळलं पाहिजे ना."

मी मूठ धरून ओढली. दोरी सरळ बाहेर आली. आत काही अडकलं नाही, काही फिरलं नाही. विहिरीतून रिकामी कळशी यावी तशी हलकी आली आणि सोडल्यावर परत आत गेली.

"बघितलंस?" बाबा आईला म्हणाले. "हलकी येते दोरी."

आई पायरीवर बसून बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मला काय दाखवता? जसं काय मीच आत बसून सोडून देते."

मी पुन्हा ओढली. पुन्हा हलकी. मग एकदा ओढताना ती अचानक आत धरली गेली. हाताला असा हिसका बसला की मूठ सुटली. त्यानंतरची ओढ पुन्हा हलकी.

मी बाबांना विचारत गेले. कधीपासून होतं? बंदी उठल्यापासून. दर वेळी? नाही. हलकी आली की काय करता?

"जोरात ओढतो."

"आणि तरी धरलं नाही तर?"

"मागे जातो."

"मागे म्हणजे?"

"फळीवर. मागे फळी असते ना बसायची."

"पडता?"

"दहाचा पाना आण," बाबा म्हणाले. "पाणी चढायच्या आत झालं पाहिजे."

दोरीची व्यवस्था मशीनच्या डोक्यावर एका झाकणात असते. त्याचे बोल्ट काढले, झाकण उचलून उलटं केलं आणि पाटावर ठेवलं. आत काही दिसेना. सगळं ग्रीसने भरलेलं होतं. पिवळं ग्रीस काळपट पडलं होतं, त्यात बारीक वाळू होती, आणि मेणासारखं ते घट्ट झालं होतं.

यात बाबांनी काही वेगळं केलं नव्हतं. जूनमध्ये होड्या वर ओढल्या की आमच्या आळीत प्रत्येक घरी ग्रीसचा डबा उघडतो. मशीन, साखळ्या, नांगर, सायकल, दाराच्या कड्या, जे लोखंड दिसेल त्याला ते फासतात. आमच्याकडे कपाटाच्या बिजागरीला लावलेल्या ग्रीसचे डाग साड्यांना पडतात आणि आई दर वर्षी तेच बोलते. किनाऱ्यावर लोखंड उघडं ठेवलं तर खारी हवा ते खाते, हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जितकं जास्त ग्रीस, तितकी मशीनची जास्त काळजी. यंदा बाबांनी जास्त काळजी घेतली होती. झाकण उघडून आतसुद्धा ग्रीस भरलं होतं.

काडीने थोडं खरवडल्यावर दोरीची चकरी दिसली. चकरीवर एक छोटा लोखंडी दात असतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही असा असतो, दुकानदार त्याला कुत्रा म्हणतात. दोरी ओढली की चकरी फिरते, कुत्रा बाहेर उघडतो, खालच्या जड चाकाला पकडतो आणि ते फिरवतो. चाक फिरलं तर मशीन चालू होतं. हा कुत्रा ग्रीसमध्ये चिकटून बसला होता. कधी सुटायचा, बहुतेक वेळा सुटायचा नाही. सुटला नाही की दोरी रिकामी यायची.

मी बोटाने दाखवलं. बाबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे मशीनच," ते म्हणाले.

"हो. मशीनच."

"ऐकलंस?" ते आईकडे वळले. आवाज चढला होता. "मशीनच. मी सांगत होतो."

"ऐकलं. त्याला एवढं ग्रीस कोणी पाजलं, ते पण विचारा तिला."

"खाऱ्या हवेत उघडं ठेवू?"

"माझ्या चुलीची एवढी काळजी केली असतीत तर ती बोलायला लागली असती."

बाबा हसले. त्या सकाळी ते पहिल्यांदा हसले.

कुत्रा साफ करायचा तर चकरीच्या मधला बोल्ट काढावा लागतो. ते काम जपून करायचं असतं. चकरीच्या खाली पोलादी पट्टीची गुंडाळलेली कमान असते, दोरी परत खेचते ती. बोल्ट निघाल्यावर चकरी वर उचलली गेली तर कमान झेप घेऊन बाहेर पडते. तलासरीच्या गॅरेजवाल्याच्या भुवईवर तिचा व्रण होता. शिवाय एकदा बाहेर पडलेली कमान पुन्हा आत बसवायला अर्धा दिवस जातो, आणि तो आमच्याकडे नव्हता. पाणी आता होडीच्या जवळ आलं होतं. चिखलातल्या घळी भरल्या होत्या.

"चकरी दाबून धरा," मी बाबांना सांगितलं. "मी म्हणेपर्यंत सोडू नका."

त्यांनी डावा तळवा चकरीवर ठेवला.

"दोन्ही हात."

त्यांनी उजवाही ठेवला. मी पाना लावला. बोल्ट घट्ट होता, सुटेना. पान्यावर भार दिला तेव्हा झाकण पाटावर फिरायला लागलं. "दाबा," मी म्हटलं. बाबांनी दाबलं. बोल्ट एकदम सुटला, आणि त्याच वेळी त्यांचा उजवा हात सुटून बाजूला झाला. चकरी एका अंगाने वर आली. खालून कमानीचा करकर आवाज आला. आई उठून उभी राहिली. बाबांनी गुडघा टेकवून डाव्या हाताने चकरी खाली रेटली. ती बसली. आम्ही दोघं तसेच थांबलो.

"धरलंय," ते म्हणाले. "तू तुझं काम कर."

त्यांच्या कपाळावर घाम होता. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, तळवा वर. सकाळपासून त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने धरला होता, पाट डाव्या हाताने पुढे सरकवला होता. ते डावखुरे नाहीत.

मी कुत्रा काढला. पेट्रोलमध्ये जुना टूथब्रश बुडवून तो घासला, त्याच्या खाचेतली वाळू काढली, आजूबाजूचं ग्रीस चिंधीने पुसलं. दोरी तपासली. ती शाबूत होती. शेजारणीकडून शिलाई मशीनचं तेल आणून कुत्र्याच्या खिळीवर एक थेंब सोडला आणि सगळं परत बसवलं.

"बस?" बाबा म्हणाले. "एवढंच तेल? खारं लागेल त्याला."

"बाहेरून लावा हवं तेवढं. आत नको."

"कोरडं ठेवायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते खाडीकडे बघत होते. होडी सरळ व्हायला लागली होती.

झाकण मशीनवर चढवलं, बोल्ट आवळले. चोक ओढला. मी मूठ धरून हळू ओढली. या वेळी दोरी थोडी येताच आत कुत्र्याने पकडलं, ते हाताला कळलं. मग जोरात ओढली. मशीन गुरगुरलं. पुन्हा ओढली आणि ते चालू झालं. पिंपातलं पाणी उसळून अंगणभर झालं, निळा धूर पसरला, कोंबड्या कुंपणाकडे पळाल्या. शेजारच्या पडवीतून कोणीतरी ओरडलं, "काय, अंगणातच मासेमारी का?"

"ये, तुला पण नेतो," बाबा ओरडून म्हणाले.

मी मशीन बंद केलं. "आता तुम्ही ओढा."

"आता कशाला? तो आल्यावर ओढतो. त्याच्यासमोरच ओढायचंय ना."

"एकदा बघा तरी," आई म्हणाली.

"चालू झालं ना? झालं तर मग." ते चपला न घालताच खाडीकडे होडी बघायला गेले.

आईने त्यांना लांब जाऊ दिलं. मग ती माझ्याजवळ येऊन बसली. हात फडक्याला पुसले.

"शर्टाची बाही मी चढवते," ती म्हणाली. "कूस बदलली की कण्हतात. फळीवर पडले ना तेव्हापासून. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, होडीचा निकाल लागू दे, मग जाऊ."

मी पाना चिंधीने पुसत राहिले.

"तू असं काही कर ना, की हलकी ओढली तरी चालू होईल."

"तसं होत नाही, आई. झटका लागतोच."

"मग पेपरात एवढं लिहितेस ते कशाला?" तिने एकदा खाडीकडे पाहिलं. "त्याला सांग, सकाळी बाबांनीच चालू केलं. मशीन सुधारलं, बाबांनी ओढलं, झालं चालू. तू सांगितलंस तर त्याला खरं वाटेल. तुझं त्याला खरं वाटतं."

"आणि परवा समुद्रात?"

आई उठून बोंबलांकडे गेली, पण निवडायला बसली नाही, उभीच राहिली.

भाऊ गिऱ्हाईकाला घेऊन आला तेव्हा खाडी भरली होती आणि होडी तरंगत होती. गिऱ्हाईक चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता. मराठी आणि गुजराती मिसळून बोलत होता, बाबांना काका म्हणत होता. त्याने होडीचा तळ हाताने ठोकून पाहिला, फळ्या पाहिल्या, सांधे पाहिले. बाबा त्याच्यामागे फिरत होते आणि विचारलं तेवढंच सांगत होते. मग भावाने आणि त्याने मशीन उचलून नेलं आणि होडीच्या मागे लावलं. बाबा होडीत चढले. आई आणि मी काठावर उभ्या होतो. भाऊ गुडघाभर पाण्यात होडीला धरून उभा होता.

"काय निघालं, ताई?" त्याने मला विचारलं.

"आत ग्रीस भरलं होतं. कुत्रा चिकटला होता. त्यामुळे दोरी पकडत नव्हती."

"म्हणजे खरंच मशीनच होतं?"

"हो."

त्याचा चेहरा जरा सैल झाला. ते त्याला ऐकायचं नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. "आता होतंय चालू?"

"झालं सकाळी."

"कोणी केलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायच्या आत होडीतून बाबांचा आवाज आला.

"हिने केलं. आता मी करतो."

त्यांनी पाय रोवले. मूठ डाव्या हातात घेतली. डाव्या हाताने ओढताना दोरी तिरकी येते आणि अंगाचा जोर तिच्या रेषेत येत नाही. गिऱ्हाईक म्हणाला, "काका, डाबा हाथे नई फावे. डाव्याने नाही जमणार." बाबांनी तरी ओढली. कुत्र्याने पकडलं, दोरी वीतभर आली आणि थांबली. त्यांनी मूठ उजव्या हातात घेतली. सावकाश ओढत पकड लागेपर्यंत आणली. तिथपर्यंत सगळं अगदी बरोबर होतं. मग त्यांनी झटका दिला. दोरी अर्ध्यात अडली, खांदा खाली गेला आणि मूठ हातातून सुटून झाकणावर आपटली.

त्यांनी पुन्हा मूठ धरली. या वेळी दोरी पहिल्याइतकीसुद्धा आली नाही.

"बाबा, राहू द्या," भाऊ म्हणाला.

"थांब."

त्यांनी मूठ पुन्हा धरली, पण ओढली नाही. ती धरून ते तसेच उभे राहिले. पाणी होडीच्या अंगाला लागून आवाज करत होतं. मग त्यांनी दोरी हळूहळू आत जाऊ दिली आणि मूठ जागेवर बसवली.

"मशीन चांगलं आहे," ते गिऱ्हाईकाला म्हणाले, भावाला नाही. "त्यात आता काही खराबी नाही. हिने सगळं बघितलंय. आधी हळू ओढायचं, पकड लागली की मग झटका. सरळ झटका दिला तर हात जाईल."

गिऱ्हाईक होडीत चढला. त्याने सांगितल्याप्रमाणे ओढली आणि मशीन चालू झालं. त्याने कान देऊन ऐकलं. "सरस छे, काका," तो म्हणाला. "एकदम सरस." मग त्याने खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. पावसाळ्यात तिथली वाळू सरकते. वाट दर वर्षी बदलते, आणि बाहेरच्या माणसाला ती पाण्यावरून ओळखता येत नाही. त्याने विचारलं, "पाणी कुठून आहे?"

"मी नेतो तोंडापर्यंत," बाबा म्हणाले. "तू पुढे बस."

"बाबा, परत कसे येणार?" भावाने विचारलं.

"तिथे काठावर सोडेल हा. चालत येईन."

ते मागच्या फळीवर बसले आणि सुकाणूचा दांडा त्यांनी डाव्या हाताने धरला. तेवढ्यासाठी डावा हात पुरतो. भावाने होडी ढकलली. ती वळली आणि इतर होड्यांच्या मधून निघाली. बाबांनी मागे पाहिलं नाही, पाहण्यासारखी ती जागा नव्हती. तिथे दोन्ही बाजूंना जाळी लावलेली असतात आणि लक्ष पुढे ठेवावं लागतं. आईने पदर तोंडावर धरला होता. ती रडत होती की धुरामुळे, ते मी विचारलं नाही.

भाऊ पाण्यातून बाहेर आला. दुमडलेली पँट खाली न सोडताच काठाकाठाने तोंडाच्या दिशेने चालायला लागला. आधी चालत होता, मग जरा पळाला.

आम्ही घरी आलो. आईने पिंपातलं पाणी ओतून टाकलं, घोडी भिंतीला लावली आणि राहिलेले बोंबील निवडून वाळत घातले. मी पाटावरचं ग्रीस खरवडून काढलं. त्याचा डाग अजून त्या पाटावर आहे.

दोघं परत आले तेव्हा ओहोटी लागली होती. ते बरोबर चालत होते, भाऊ बाबांच्या उजव्या बाजूने. दोघंही कमरेपर्यंत भिजलेले होते. उद्या सकाळी पाळी बदलून घेतो आणि बाबांना खांदा दाखवायला नेतो, असं भावाने दारातूनच सांगितलं. बाबा त्यावर नाही म्हणाले नाहीत.

आईने त्यांच्या हातात टॉवेल दिला.

"होडी लागली का कुठे वाळूला?" तिने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "मी होतो ना."